रडण्यासाठी रात्र जागवणारी माणसे

आजचा धागा लढायांचा नाही, तहांचाही नाही. प्रश्न साधा आहे : ज्या गाण्याने गळा दाटून येतो, तेच गाणे माणूस पुन्हा पुन्हा का ऐकतो? हल्ली असा प्रश्न मानसशास्त्राच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो. परंतु मराठी मुलखात त्याला निदान आठशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि माझ्या मते त्याच्या उत्तराचा सर्वांत दुर्लक्षित भाग ग्रंथांत नसून पूर्व विदर्भातल्या हिवाळी रात्रींत आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

करडी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा सारा मुलूख धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून होणाऱ्या या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली की येथे मंडया भरू लागतात, पुढे शंकरपट होतात आणि त्यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकप्रकारांच्या अंगणात ही रंगभूमी वाढली. कथा बहुधा दुःखाची असते : दारूने बुडालेले घर, हुंड्यापायी छळलेली मुलगी, कर्जात रुतलेला शेतकरी. एखाद्या पदावर बायका पदर डोळ्यांना लावतात, आणि पुढच्याच प्रवेशात लावणी सुरू होते, शिट्ट्या पडतात, विनोदी नट मांडव डोक्यावर घेतो.

शहरी जाणकारांचा नेमका यावरच आक्षेप असतो. चितेचा धूर विरण्याआधी ढोलकी कशी वाजते, रसभंग होत नाही का, असे ते विचारतात. मला हा आक्षेप मुळीच मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी आधी देवगिरीला जावे लागेल.

यादव राजा सिंघण दुसरा (कारकीर्द सुमारे १२१० ते १२४७) याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळ काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले. शार्ङ्गदेवाकडे श्रीकरणाचे, म्हणजे राज्याच्या हिशेबाचे काम होते. या हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला आणि भारतीय संगीताच्या अभ्यासकांना तो आजही टाळता येत नाही. त्यात भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेली एक विभागणी आहे : षड्ज-ऋषभ वीर, रौद्र व अद्भुत रसांसाठी, मध्यम-पंचम हास्य व शृंगारासाठी, धैवत बीभत्स-भयानकासाठी, आणि गांधार-निषाद करुणासाठी. प्रत्येक स्वर आपापल्या रकान्यात. हिशेबखात्याला शोभेल असेच हे कोष्टक आहे!

पण याच ग्रंथाच्या आरंभी, गीताची महती सांगताना, शार्ङ्गदेव दोन श्रोते समोर आणतो. पहिला श्रोता पाळण्यातले मूल. त्याला जगातले कोणतेच सुख अजून ठाऊक नाही. ते रडते आहे, आणि गाणे कानी पडताच हर्षभरित होते. दुसरा श्रोता रानातले हरणाचे पाडस. तेही गाण्याला भुलते, पण ते गाणे पारध्याचे असते आणि पाडस जिवाला मुकते. एकाला गाण्याने आनंद मिळाला, दुसऱ्याचा प्राण गेला. मला हे दोन श्लोक त्या कोष्टकापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतात. कोष्टक स्वरांविषयी बोलते. श्लोक विचारतात की ऐकणारा कोण आणि गाणारा कोणत्या हेतूने गातो आहे.

आता सातशे वर्षे ओलांडू. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि महिनाभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची ही शोकांतिका. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. आणि चाली? त्या पुण्याच्या सुंदराबाई जाधवांकडून आल्या. सुंदराबाई लावणी, ठुमरी, गझल गाणाऱ्या. त्यांचे गाणे बैठकीतले, रसिकांना रिझवणारे. (पुढे १९३९च्या ‘माणूस’ चित्रपटात नायकाची आई त्यांनीच साकारली.) म्हणजे बैठकीत दाद घेणाऱ्या गायकीच्या चाली रंगमंचावर एका पतिव्रतेच्या दारिद्र्याच्या आणि दुःखाच्या झाल्या, आणि प्रेक्षक त्यांवर रडले. गांधार-निषादाच्या रकान्यात ही गोष्ट बसत नाही. ‘एकच प्याला’ची थोरवी सांगताना गडकरी आणि बालगंधर्व ही दोन नावे घेतली जातात, सुंदराबाईंचे नाव तळटीपेत राहते, याची मला खंत वाटते.

योगायोग असा की दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, त्याच बडोद्यात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी वाङ्मयाच्या आनंदाची उपपत्ती मांडली. तिला त्यांनी ‘सविकल्प समाधी’ म्हटले. वाचक वा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडत नाही. म्हणून सिंधूचे दुःख आपण अनुभवतो आणि तरीही आपण सिंधू नसतो. या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे. मराठी समीक्षेत यावर पुढे कितीतरी चर्चा झाली. मला ही उपपत्ती सुबक वाटते, परंतु अर्धी वाटते. केळकरांचा प्रेक्षक आपले दुःख नाट्यगृहाबाहेर चपलांसारखे काढून ठेवून आत येतो. ज्याला ते काढून ठेवताच येत नाही, त्याचे काय?

असे श्रोते कोण, हे जात्यावरच्या ओव्या सांगतात. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या बायका चालीला ‘गळा’ म्हणतात. भावाचे कौतुक, लेकराचा लाड, सासरचा जाच, आईचे मरण हे सारे ओवीत येते, आणि एका सुखदुःखासाठी एक गळा, दुसऱ्यासाठी दुसरा, अशी वाटणी नसते. ज्या गळ्यावर काल भावाचे कौतुक गायले, त्याच गळ्यावर आज आईसाठी रडता येते. येथे गाणारी आणि ऐकणारी एकच, किंवा समोर बसून खुंटा ओढणारी जाऊ वा नणंद. दुःख परक्याचे नाही, त्यामुळे ‘आपण ती नव्हेच’ हा केळकरी दिलासा येथे नाही. तरी ती गाते आणि गाऊन हलकी होते. ते दुःख शब्दांत बसले, चालीवर बसले आणि दुसऱ्या कोणीतरी ऐकले, म्हणून.

झाडीपट्टीचा मांडव मला या जात्याच्या जवळचा वाटतो, नाट्यगृहाच्या नव्हे. समोरच्या कथेतली दारू तेथील अनेकींच्या घरातली असते, कर्जही. हे प्रेक्षक परक्याच्या दुःखाची चव घ्यायला आलेले नाहीत. आपले दुःख चारचौघांत, उघड्यावर, गाण्याच्या आधाराने रडून घ्यायला आलेले आहेत. अशा माणसांना पहाटेपर्यंत नुसते रडवणे हा छळ झाला असता. लावणी आणि विनोद ही येथे रसभंगाची ठिगळे नाहीत. त्यांच्यामुळेच पुढचा रडवणारा प्रवेश सोसतो. ज्यांना सकाळी पुन्हा बांधीत उतरायचे आहे, त्यांच्या नाटकाची ही मांडणी आहे. शहरी आक्षेपक जिला अपरिपक्वता म्हणतात, ती मला प्रेक्षकाची नेमकी ओळख वाटते.

गाणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळाच राहतो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. नाटक प्रेमकथेचे, हसतेखेळते. गोविंदराव टेंब्यांच्या चाली त्या रात्रीपासून महाराष्ट्राच्या ओठांवर गेल्या. समोर बसलेल्यांचा आनंद खराच होता. बाकी शार्ङ्गदेवानेही मूल आणि पाडस या श्रोत्यांबद्दलच लिहिले आहे. गाताना त्या पारध्याच्या मनात काय होते, हे श्लोकात नाही.

जाता जाता एक विनंती. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी करडी, मोहाडी, साकोली, वडसा या बाजूचे असाल, तर यंदाच्या मंडईत नाटक पाहताना एवढे टिपून ठेवा : कोणत्या पदावर मांडव रडला, त्यानंतर लगेच काय वाजले, आणि ती चाल कोणी बसवली होती. नटांची नावे जाहिरातीच्या फलकावर असतात. चाल बसवणाऱ्याचे नाव पेटीवाल्याला विचारावे लागेल.