विश्लेषण : शेतावरचे कौटुंबिक कॅम्पिंग टिकते कशावर? तंबूवर की सातबाऱ्यावर?

थंडी पडू लागली की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच बेत शिजत असतो. शनिवारी संध्याकाळी निघायचे, रात्री तंबूत राहायचे, शेकोटीभोवती पोपटी खायची आणि रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंत घरी यायचे. कर्जत, मुरबाड आणि शहापूर या तिन्ही तालुक्यांत अशा कॅम्पच्या पाट्या जागोजागी दिसतात. ‘आमच्या घरच्या शेतावर’ हे शब्द जाहिरातीत हमखास असतात.

यातले अनेक कॅम्प दोन-चार हंगामांत गुंडाळले जातात. याच पट्ट्यात नेरळजवळची सगुणा बाग मात्र सुमारे ४० वर्षे चालू आहे. तंबू, जेवण आणि शेकोटी थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असते. मग एक जागा टिकते आणि दुसरी का नाही?

सगुणा बाग म्हणजे नेमके काय?

नेरळजवळच्या मालेगाव (ता. कर्जत, जि. रायगड) येथील भडसावळे कुटुंबाची ही सुमारे ५० एकरांची शेती. कल्याणहून कर्जत लोकल पकडली की साधारण ३३ किलोमीटरवर नेरळ येते, म्हणजे ठाणे आणि डोंबिवलीकरांसाठी अर्ध्या दिवसाचाही प्रवास नाही. चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन सत्तरच्या दशकात परतले आणि नोकरी न धरता शेतीत उतरले. भात, फळबाग, दूध आणि मत्स्यपालन असा व्याप उभा राहिला. पाहुण्यांसाठी शेत उघडण्याचा प्रयोग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला. ‘कृषी पर्यटन’ हा शब्द तेव्हा सरकारी कागदावरही रुळलेला नव्हता.

क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी शेत आणि नंतर पाहुणे. मासे विकण्यासाठी तळी होतीच, त्यांच्या काठावर गळ टाकून बसायला शहरातले लोक येऊ लागले. म्हशी दुधासाठी होत्या, त्यांच्या पाठीवर बसून पाण्यात उतरणे मुलांना आवडू लागले. पाहुणे आले नाहीत तरी म्हैस दूध देते आणि तळ्यात मासा वाढतो. तंबूला मात्र ग्राहकाशिवाय दुसरा उपयोग नसतो.

शाळांच्या सहलींनी या व्यवसायाचा आणखी एक पेच सोडवला. कुटुंबे शनिवार-रविवारी येतात, शाळा सोमवार ते शुक्रवार. आठवड्याचे पाच दिवस रिकामे न राहणे ही साधी गोष्ट वाटते, पण छोट्या कॅम्पचे घोडे नेमके तिथेच अडते.

फक्त तंबू लावून भागते का?

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एका कुटुंबाने शेताच्या कडेला १० तंबू लावले. प्रत्येक तंबूत दोघे, म्हणजे २० पाहुणे. माणशी १,२०० रुपये घेतले, तर पूर्ण भरलेल्या रात्रीची जमा २४ हजार रुपये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शनिवार साधारण १७. सगळे भरले तर ४ लाख ८ हजार, निम्मेच भरले तर २ लाख ४ हजार. यातून जेवण, मदतनीस, वीज, पाणी, शौचालयांची सफाई आणि ऑनलाइन बुकिंगचे कमिशन वजा करायचे. तंबूचे कापडही उन्हात फार वर्षे टिकत नाही. हाती उरते ती जोडधंद्याची रक्कम, घर चालवणारी नव्हे.

मार्च ते मे या महिन्यांत कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात तंबूत दुपार काढणे कठीण. पावसाळ्यात गर्दी असते, पण धबधबे आणि धरणांच्या परिसरात ठाणे व रायगडचे जिल्हाधिकारी दरवर्षी बंदीचे आदेश काढतात. त्यामुळे ‘बाजूलाच धबधबा’ हे आकर्षण ऐन मोसमात हातचे जाऊ शकते.

शिवाय जुलै म्हणजे भाताच्या लावणीचे दिवस. घरातली सगळी माणसे चिखलात असताना पाहुण्यांना चहा कोण देणार? या अडचणीच्या संदर्भात सगुणा बागेतला दुसरा प्रयोग पाहण्यासारखा आहे. भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राइस टेक्निक’मध्ये, म्हणजे एसआरटीमध्ये, नांगरणी, चिखलणी आणि लावणी नसते. कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर बी टोकले जाते आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. तणनाशकाचा वापर हा या पद्धतीवरचा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण लावणीची मजुरी आणि कष्ट वाचतात, हे खरे. पद्धत भातशेती परवडावी म्हणून आली; पाहुणे आणि पीक एकाच महिन्यात सांभाळणाऱ्या घराला ती आणखी एका अर्थाने सोयीची ठरते.

इतर देशांत काय झाले?

इटलीने १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा स्वतंत्र कायदा केला. त्यातली मुख्य अट अशी की पाहुणचार हा शेतीला पूरक असला पाहिजे, शेतीच्या जागी आलेला नसावा. २००६ मध्ये कायदा नव्याने केला गेला, पण ही अट कायम राहिली. जो शेती करतो त्यालाच ‘अग्रितुरिझ्मो’ची पाटी लावता येते. म्हणजे शेत पडीक ठेवून हॉटेल चालवायचे असेल तर हॉटेलचे नियम लागू.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे १९६० च्या कायद्याने कॅरॅव्हॅन लावण्याच्या जागांना परवाना सक्तीचा केला. मात्र मान्यताप्राप्त क्लबने प्रमाणित केलेल्या छोट्या जागांवर एका वेळी पाच कॅरॅव्हॅनपर्यंत सवलत दिली. शेतकरी कुटुंबांच्या कित्येक छोट्या जागा या सवलतीवर उभ्या आहेत. आपल्याकडे मोठे रिसॉर्ट आणि दहा तंबूंचा कॅम्प यांत कायद्याने असा स्पष्ट फरक करण्याची गरज बऱ्याच उशिरा ओळखली गेली.

महाराष्ट्राचे धोरण काय सांगते?

राज्यात या विषयाला संघटित रूप आले ते २००५ च्या सुमारास. पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरात कृषी पर्यटनाचा पथदर्शी प्रकल्प उभा केला आणि शेतकऱ्यांना प्रशिक्षण देणे सुरू केले. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण त्यानंतर १५ वर्षांनी, २०२० मध्ये आले. किमान एक एकर शेतजमीन, कमाल आठ खोल्या आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी ही त्याची मुख्य चौकट. नोंदणीचे शुल्क २,५०० रुपये, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला १,००० रुपये. वैयक्तिक शेतकऱ्याबरोबर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही नोंदणी करता येते. दोरीवरून सरकणे, कडा उतरणे असे खेळ ठेवायचे असतील तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाची वेगळी नोंदणी लागते.

कराचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, पण त्याच शेतात झोपलेल्या पाहुण्याकडून घेतलेले भाडे हे शेतीचे उत्पन्न नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. वरच्या उदाहरणातला कॅम्प या मर्यादेच्या खूप खाली राहतो.

खरी अडचण जमिनीची का?

धोरणातली एक एकराची अट कागदावर किरकोळ वाटते. ती दोन पिढ्यांवर लावून पाहिली की तिचे वजन कळते. चार एकरांचे शेत, दोन भाऊ आणि दोन बहिणी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तेव्हा सरळ वाटणी झाली तर प्रत्येकाला एक एकर. नोंदणीपुरते बरोब्बर. पुढच्या पिढीत प्रत्येकी दोन वारस धरले तर २० गुंठे, आणि स्वतंत्र केंद्र काढण्याचा मार्ग बंद. एकत्र राहूनच ते चालवावे लागते. एक भाऊ मुलुंडला नोकरीला, बहीण डोंबिवलीत आणि दुसरा भाऊ गावी राबणारा, अशा घरात हिशेब कसा वाटायचा हा प्रश्न तंबूच्या रंगापेक्षा महत्त्वाचा ठरतो. हिस्सा सगळ्यांचा, पण रात्री दोन वाजता पाण्याची मोटर बंद पडली तर उठायचे एकानेच.

त्यात भावाचे आमिष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. त्यानंतरची वाढ डोळ्यांना दिसतेच आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत पूर्ण झाला. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचे काम झाले की नवी मुंबई कर्जतच्या आणखी जवळ येईल, तर कल्याण-मुरबाड रेल्वेलाही मंजुरी आहे. रस्ता आणि रेल्वे आली की पाहुणे वाढतात, त्याहून वेगाने जमिनीची विचारणा वाढते. ज्या जोडणीमुळे कॅम्प चालायला हवा, तीच त्याला विकायला लावते. फार्महाऊस प्लॉटचे फलक कर्जत आणि मुरबाडच्या रस्त्यांवर कॅम्पच्या पाट्यांना खेटूनच उभे आहेत.

राज्यात शेतजमीन विकत घेण्यासाठी सर्वसाधारणपणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. म्हणून शहरातला गुंतवणूकदार बऱ्याचदा खरेदीऐवजी जागा चालवायला घेतो. पाटीवर कुटुंबाचे नाव राहते, बुकिंगचा फोन मात्र दुसरीकडे वाजतो. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण बिगर-आदिवासीकडे करताना शासकीय परवानगी लागते आणि ते संरक्षण आवश्यकच आहे. पण या पट्ट्यातल्या कातकरी कुटुंबांपैकी अनेकांकडे मुळात जमीनच नाही. शेकोटीची लाकडे आणणारे आणि पोपटीचे मडके लावणारे हात त्यांचे असतात, नोंदणीसाठी लागणारा सातबारा दुसऱ्याचा. ‘स्थानिकांना रोजगार’ असे म्हणताना हा फरक सोयीस्करपणे विसरला जातो.

बुकिंगपूर्वी काय विचारावे?

आगाऊ पैसे पाठवण्याआधी पर्यटन संचालनालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मागवता येतो. साहसी खेळ असतील तर त्याची नोंदणी वेगळी पाहावी. तलावाकाठी बोट असेल तर लाइफ जॅकेट किती आहेत, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, रात्री मुक्कामाला घरातले कोण असते, हे फोनवरच विचारावे. जून ते सप्टेंबरदरम्यान जाणार असाल तर त्या तालुक्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आहे का, हे निघण्याच्या दिवशी पुन्हा तपासा. हे आदेश पावसाच्या अंदाजानुसार बदलतात. आणि शेतात सध्या काय लावले आहे, हेही विचारून पाहा. जिथे खरेच शेती होते, तिथे या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते.