दोष मागच्या चाकांचा नव्हे

पहिला पाऊस पडला की गॅरेजपासून शोरूमपर्यंत एकच सल्ला फिरू लागतो: मागच्या चाकांवर चालणारी गाडी पावसाळ्यात घसरते, घ्यायची तर पुढची चाके ओढणारी घ्या. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, ईको, भाजीची पिकअप अशा सगळ्या गाड्या या एका वाक्यात आरोपी ठरतात. या समजुतीत सत्याचा अंश आहे, म्हणून ती टिकली. पण तिच्या आडोशाने जी बेपर्वाई वाढली आहे, ती जिवावर बेतणारी आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. टायरची पकड मर्यादित असते. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण 0.7 ते 0.8 असतो, रस्ता ओला झाला की तो 0.5 किंवा त्याहून खाली येतो. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि सांडलेले तेल पहिल्या सरींत भिजले की आणखी खाली. एवढ्याशा पकडीतून मागच्या टायरांना दोन कामे करायची असतात: गाडी पुढे ढकलायची आणि वळणावर तिला बाहेर जाऊ द्यायचे नाही. चालकाने वळणातच ॲक्सिलरेटर दाबला तर सारी पकड ढकलण्यात संपते आणि गाडीचे शेपूट फिरते. पुढची चाके ओढणारी गाडी अशा वेळी वळायला नकार देते, सरळ जाऊ पाहते. चालक दचकून पाय काढतो आणि बहुतेक वेळा ती ताळ्यावर येते. शेपूट फिरलेली गाडी सावरायला मात्र स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने, नेमके आणि ताबडतोब फिरवावे लागते. नवशिक्याला ते सहसा साधत नाही.

उतारावर वेगळाच धोका असतो. वजन पुढे झुकलेले, मागची चाके हलकी, अशात चालकाने वेगात असताना एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडला तर इंजिनाचा सगळा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो. ती अडकतात आणि गाडी आडवी होते.

हे सगळे मान्य करूनही सल्ला चुकीचाच ठरतो. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी नगर-पुणे मार्गावर धावली. तेव्हापासून एसटीच्या गाड्या मागच्या चाकांवरच चालत आल्या आहेत. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आंबोलीतून, वरंध्यातून, कुंभार्लीतून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तोवर देशातल्या जवळजवळ सगळ्या मोटारी मागच्या चाकांच्याच होत्या. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त होईपर्यंत दर पावसाळा रस्त्यावर होती. यावर कोणी म्हणेल, त्या गाड्या संथ होत्या, त्यांच्या इंजिनांत दमच नव्हता. अगदी बरोबर! म्हणजे फरक चाकांनी पडत नव्हता, वेगाने पडत होता.

हिशेब करून पाहावा. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी गुणांक 0.75 असताना ब्रेक लावल्यापासून सुमारे 34 मीटरमध्ये थांबते. गुणांक 0.45 झाला की तिला 56 मीटर लागतात. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या रस्त्यावर ताशी 44 किलोमीटरपर्यंत निभावते, ओल्यावर 34 लाच पकड संपते. या गणितात इंजिन कोणती चाके फिरवते याला जागाच नाही. ब्रेक चारही चाकांना लागतो. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीला त्या 56 मीटरमधला एक मीटरही माफ होत नाही, आणि तिच्या मालकाला तो माफ होईल असे सांगणे हा गुन्हाच मानला पाहिजे.

चढावर तर उलटच घडते. वजन मागे झुकते, मागची चाके रस्त्यावर घट्ट दाबली जातात. ओल्या चढावर थांबलेली भरलेली जीप मुकाट्याने निघते आणि तिथेच हॅचबॅकची पुढची चाके जागच्या जागी गरगरतात, हे घाटातल्या चालकांना नवे नाही. भरलेली हा शब्द मात्र महत्त्वाचा. पिकअपचे इंजिन आणि केबिन पुढे, त्यामुळे माल उतरवून परतताना मागच्या एक्सलवर वजनच नसते. बाजारात भाजी टाकून रिकामी परतणारी पिकअप पावसात मागून फेकते ती म्हणून. रिकाम्या फेरीला वेग कमी ठेवायला हवा. व्यवहारात नेमक्या त्याच फेरीला घाई असते.

खरा आरोपी बहुतेकदा टायर असतो. अमेरिकेच्या नासामध्ये वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून दाखवले, की पाण्याचा थर टायरच्या खाचांहून खोल असेल तर ठरावीक वेगाला चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते, आणि तो वेग टायरमधल्या हवेवर ठरतो. त्यांच्या सूत्राने 32 हवेला तो ताशी सुमारे 94 किलोमीटर येतो, 24 ला 82. हवा तपासायचा आळस केला की धोका बारा किलोमीटरने अलीकडे येतो. खाचा झिजून टायर गोटा झाला असेल तर पाण्याचा पातळ थरही पुरतो. दोनच नवे टायर घ्यायचे झाले तर ते मागे बसवा, गाडी कोणत्याही चाकांवर चालणारी असो, असे मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात. कारण मागचे टायर झिजलेले असले तर पुढची चाके ओढणारी मोटारही भिंगरीसारखी फिरते. आपल्याकडे सर्रास उलटे केले जाते.

शिवाय मागची चाके आता परत येत आहेत. चाकणमध्ये तयार होणारी महिंद्राची बीई 6 ही इलेक्ट्रिक मोटार मागच्या चाकांवरच चालते. चाक गरगरू लागताच मोटारचा जोर क्षणार्धात कमी करणारी यंत्रणा अशा गाड्यांत असते. ती झिजलेल्या टायरला खाचा देऊ शकत नाही.

मोटारीच्या टायरवरील खाचांची किमान खोली 1.6 मिलिमीटर असावी असा आपल्याकडे नियम आहे. पण खासगी मोटारीला नोंदणीनंतर 15 वर्षे फिटनेस तपासणीच नाही. पीयूसीसाठी गाडी दरवर्षी केंद्रावर उभी राहते. तिथे धूर मोजला जातो, टायरकडे कोणी वाकून पाहत नाही. खोली मोजण्याचे साधे मापक हातात मावते आणि चारही टायर पाहायला दोन मिनिटे लागतात. परिवहन खात्याने येत्या मे महिन्यापासून पीयूसी केंद्रांवर ही तपासणी सक्तीची करावी आणि खोली प्रमाणपत्रावर छापावी.