कानाचं मशीन कपाटात जपून ठेवता? मग ते घेतलं कोणासाठी?

पालकहो, आज जरा कडक बोलणार आहे.

"डॉक्टर, बघा ना, दीड वर्ष झालं, पण मशीनवर एक ओरखडा नाही." असं कोणी कौतुकाने सांगितलं की मला आनंद होत नाही, काळजी वाटते. तीन वर्षांचं मूल जे मशीन दिवसभर वापरतं त्यावर ओरखडे असतात, घामाचे डाग असतात, कडेला थोडं खोबरेल तेल लागलेलं असतं. कोरं करकरीत मशीन बहुधा कपाटात राहिलेलं असतं. शाळेच्या वेळी बाहेर काढायचं, घरी आल्या आल्या पुन्हा डबीत, आणि डबी वरच्या कप्प्यात, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी.

यामागचा विचार मला समजतो. चिखलोलीत, अंबरनाथ-बदलापुरात माझे बहुतेक वाचक हातावर पोट असलेले किंवा हप्ते फेडणारे आहेत. एमआयडीसीतली ड्युटी, घराचं कर्ज, त्यात हजारो रुपयांचं मशीन. पडलं तर? हरवलं तर? आजी म्हणते, "लहान आहे गं तो, त्याला काय कळतंय?" शाळेतल्या बाई म्हणतात, "खेळाच्या तासाला काढून ठेवा, आमच्यावर जबाबदारी नको." आणि विकणारासुद्धा सांगतो, "जपून वापरा."

हे सगळे सल्ले मशीन वाचवण्यासाठी आहेत. मुलाचं काय?

साधा हिशेब करू या. बालवाडी चार तासांची, वर्षातून साधारण दोनशे दिवस. म्हणजे ८०० तास. लहान मूल दिवसाला बारा तास जागं असतं असं धरलं तर वर्षाचे होतात ४,३८०. फक्त शाळेपुरतं मशीन लावणाऱ्या मुलाला त्याच्या जागेपणातला पाचवा हिस्साही नीट ऐकायला मिळत नाही. आणि जो वेळ जातो त्यातच खरी भाषा असते. आईने भाजीवाल्याशी केलेली घासाघीस, बाबांचा फोन, शेजारच्या काकूंची हाक, भावंडांची भांडणं. ऐकू येणारी मुलं भाषा शिकतात ती अशा कानावर पडणाऱ्या बोलण्यातून, पाटीवरून नव्हे. बरं, खोटं बोलूनही उपयोग नाही. आजकालची बरीच डिजिटल मशीनं रोज किती तास वापरली याची नोंद ठेवतात आणि ऑडिओलॉजिस्टला ती संगणकावर दिसते.

मशीन फक्त आवाज मेंदूपर्यंत पोचवतं. त्या आवाजातून शब्द ओळखायला मेंदूला शिकावं लागतं, आणि हे शिकण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे पहिली काही वर्षं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये ख्रिस्तीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या बाळांचं श्रवणदोषाचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. म्हणूनच जगभर सांगतात: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. एवढी धावपळ करून मशीन मिळवायचं आणि मग ते कपाटात ठेवायचं, हे काय गणित आहे?

तर माझं म्हणणं असं. मशीन मुलाचं आहे. ते मुलाच्या हातात द्या. झोप, आंघोळ आणि पोहणं सोडलं तर ते कानावर राहू द्या, आणि त्याची देखभाल मुलाला पहिल्या दिवसापासून शिकवा. मोठं झाल्यावर नाही, आत्ता.

"एवढ्याशा पोराला काय येणार?" असं विचाराल. बरंच येतं. वर्षभराचं बाळ डबी ओळखतं. सकाळी डबी समोर धरा, "चला, कान लावू या" म्हणा, काही आठवड्यांत ते स्वतः डोकं वळवून कान पुढे करेल. दीड-दोन वर्षांचं मूल मशीन बंद पडलं तर कानाला हात लावून दाखवू शकतं, फक्त तुम्ही त्या इशाऱ्याला दाद द्यायला हवी. तिसऱ्या वर्षी रात्री मशीन डबीत ठेवणं हे त्याचं काम. चार-पाच वर्षांचं मूल मऊ कोरड्या कापडाने मशीन पुसतं, कानात बसणारा साचा, ज्याला आपण मोल्ड म्हणतो, तो थोडा वाकडा का होईना बसवतं. सहा-सातव्या वर्षी तुमच्या देखत मोल्ड धुतं. आठव्याच्या आसपास सेल बदलतं. ही वयं काटेकोर नाहीत. एखादी मुलगी चौथ्या वर्षीच सगळं करते, एखादा मुलगा सातव्या वर्षीही मोल्ड उलटा धरतो. तरी शिकवत राहा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी फार थोड्या घरांत शिकवली जाते: "माझा सेल संपला" हे वाक्य. सेल संपलेलं मशीन कानात असेल तर मोल्ड चक्क बुचासारखं काम करतो. मशीन न लावता जेवढं ऐकू आलं असतं, त्याहूनही कमी ऐकू येतं. असं मूल वर्गात तास-तास गप्प बसतं, आणि डायरीत शेरा येतो, "लक्ष देत नाही." शेजारच्या मुलाचं बघून लिहितं, तर "कॉपी करतो." त्याने सांगायचं कसं? आपण त्याला सांगायला शिकवलंच नाही. घरी याचा सराव घ्या, अगदी नाटक करून. तुम्ही बाई व्हा, मूल हात वर करून म्हणेल, "बाई, माझा सेल संपला." जे मूल अजून बोलत नाही त्याला खूण ठरवून द्या आणि ती खूण बाईंनाही सांगा. सुटे सेल बाईंकडे ठेवायला द्या, मुलाच्या दप्तरात नको.

सेलचा विषय निघालाच आहे, तर इथे तुमची भीती शंभर टक्के खरी आहे. हे छोटे गोल सेल मुलं तोंडात घालतात, नाकात घालतात. अन्ननलिकेत अडकलेला बटन सेल दोन तासांतही आतून भाजल्यासारखी इजा करू शकतो. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, केळी भरवत बसू नका, पाकीट बरोबर घ्या आणि एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. नाकात किंवा कानात गेला असेल तर तेल-पाण्याचे थेंब घालू नका, ते आणखी वाईट. लहान मुलाच्या मशीनला सेलच्या दाराचं कुलूप मागून घ्या, ते मिळतं. सेल कपाटात ठेवा, अगदी वरच्या कप्प्यात. माझा आक्षेप एवढाच, की सेलसाठी योग्य असलेला कप्पा आपण मशीनला देऊन टाकला.

सेलच्या कामातही मुलाला वाटा देता येतो. नव्या सेलवर रंगीत स्टिकर असतो. तो काढल्यावर हवा आत जाते आणि सेल चालू होतो, म्हणून एक-दोन मिनिटं थांबून मग मशीनमध्ये घालायचा. (स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, आणि फ्रीजमध्ये ठेवूनही वाचत नाही.) तो स्टिकर मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकोनात चिकटवू द्या. महिना-दोन महिन्यांत सेल किती दिवस टिकतो हे तुम्हाला भिंतीवरच दिसेल.

रोज सकाळी दोन मिनिटांचा खेळही खेळा. मुलाच्या मागे उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि एकेक आवाज काढा: आ, ऊ, ई, म्, श्, स्. डॅनियल लिंग यांनी ही सहा आवाजांची चाचणी रूढ केली. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्यातला जवळजवळ सगळा पल्ला यात येतो. आवाज ऐकला की मुलाने डब्यात एक ठोकळा टाकायचा. कालपर्यंत "स्" ऐकणारं मूल आज ऐकत नसेल, तर आधी सेल आणि मोल्ड बघा, मग आमच्याकडे या.

आपल्या भागातला मशीनचा खरा शत्रू मुलाचे हात नव्हेत, पाऊस आहे. जून ते सप्टेंबर बदलापूर-अंबरनाथच्या हवेत कपडे वाळत नाहीत, मशीन कुठून वाळणार? मोल्डच्या नळीत घामाचे, वाफेचे थेंब साचतात आणि आवाज अडतो. पालक म्हणतात, "मशीन बिघडलं." बऱ्याचदा नुसती नळी ओली असते. रात्री सेल काढून मशीन ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवा. निळे दाणे गुलाबी पडले की ते बदलायची किंवा वाळवायची वेळ झाली. हे दाणेही मुलाच्या तोंडात जाता कामा नयेत, म्हणून झाकण तुम्ही लावा. पण रंग बघायचं काम मुलाला द्या, मुलांना रंग बदललेला आधी दिसतो. मशीन तांदळात पुरू नका, पीठ आत जातं. हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको, उन्हातल्या खिडकीत नको. मोल्ड मात्र मशीनपासून वेगळा करून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुता येतो. नळीत छोट्या रबरी पंपाने हवा मारायची, पूर्ण कोरडी झाली की जोडायची. मशीनला पाणी लावायचं नाही, हे तीन वर्षांच्या मुलालाही पाठ होतं.

आणि तेल. आजींना माझी हात जोडून विनंती आहे. चंपी करा, पण रात्री, मशीन काढल्यावर, आणि सकाळी कानामागे पुसून मगच मशीन लावा. तेलाने माइकची बारीक छिद्रं बुजतात. पावडरनेही बुजतात. कानात तेल तर कुणाच्याच घालू नका, मशीन असो वा नसो.

हरवण्याचं म्हणाल, तर त्यावर साधा उपाय आहे. मशीनला छोटी दोरी आणि चिमटा लावून तो शर्टाच्या पाठीमागच्या बाजूला अडकवायचा. दोरी आखूड हवी, गळ्याभोवती फिरेल एवढी लांब नको. अंबरनाथ स्टेशनच्या गर्दीतून मूल कडेवर घेऊन जाताना मशीन निसटलं तरी चिमट्याला लटकत राहतं. तान्ह्या बाळाला कान झाकणारा पातळ पट्टा चालतो.

मशीन शिट्टी मारतं म्हणून ते काढून ठेवणारे किंवा आवाज कमी करणारेही बरेच आहेत. शिट्टी म्हणजे बहुतेक वेळा मोल्ड लहान झालाय. बाळाचा कान वाढतो, मोल्ड वाढत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षात दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. कधी कानात मळही असतो. आवाज कमी करणं म्हणजे शिट्टी थांबवण्यासाठी मुलाचं ऐकणं थांबवणं.

इथे माझा राग पालकांवरून दुसरीकडे वळतो. शिबिरं भरतात, मंचावर मशीनं वाटली जातात, फोटो निघतात. चार महिन्यांनी मोल्ड सैल झाल्यावर काय करायचं, हे त्या मंचावरून कोणी सांगत नाही. गरीब कुटुंबांसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मशीन मिळतं. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांच्या श्रवणदोषाचीही तपासणी होते. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणीपासून थेरपीपर्यंत सगळं होतं. पण चिखलोलीहून वांद्रे म्हणजे रिक्षा, लोकल, दादरला गाडी बदलायची, पुन्हा रिक्षा, आणि रोजंदारीवरच्या बापाचा एक दिवस बुडाला. मोल्डसारख्या छोट्या कामासाठी हे वरचेवर कोण करेल? मशीन देणाऱ्या प्रत्येकाने मोल्ड, सेल आणि घराजवळची देखभाल यांची व्यवस्था आधी करावी, मग हार घालून घ्यावेत. तुम्हीही शिबिरात मशीन घेताना तिथेच विचारा: पुढचा मोल्ड कोण करून देणार, कुठे, किती दिवसांत? उत्तर लेखी मागा.

शेवटी लपवण्याबद्दल. लग्नात फोटोच्या वेळी "जरा मशीन काढ रे" म्हणणारे आपणच. मोल्ड कातडीच्या रंगाचा निवडणारेही आपणच. मुलाला विचाराल तर ते लाल मागेल, निळा मागेल. रंगीत मोल्ड मिळतात. निवडू द्या. स्वतः निवडलेली वस्तू मूल सांभाळतं, हे त्याच्या खेळण्यांकडे बघूनही कळेल. फोटोच्या वेळी जे मशीन काढायला लावलं, ते दुसऱ्या दिवशी शाळेतही ते गुपचूप खिशात घालणार. त्यात त्याची चूक नाही, आपणच ते शिकवलं.

मशीन तुटेल का? एखाद्या वेळी तुटेल. घेताना वॉरंटी, दुरुस्तीची सोय आणि विमा यांची चौकशी करा. दुरुस्तीला दिल्यावर तात्पुरतं दुसरं मशीन मिळेल का, हेही विचारा. मशीन दुरुस्त होतं, पण तिसऱ्या वर्षी न ऐकलेले शब्द सातव्या वर्षी भरून काढताना मुलाचे आणि तुमचे काय हाल होतात, ते मी दवाखान्यात बघतो.

पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा डबी तुमच्या पर्समध्ये नको, मुलाच्या हातात द्या. सेल कधी बदलला, शिट्टी येते का, शाळेत मशीन कधी बंद पडलं, हे मी आधी त्याला विचारणार आहे. तोवर तुम्ही मध्ये बोलू नका.