किल्ली कोणाच्या हाती?

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्याच जिल्ह्यातील अक्कलकुव्याचा शिधापत्रिकाधारक आज रास्त भावाच्या दुकानातील यंत्रावर अंगठा टेकवितो, तेव्हा तो ठसा गूढलिपीच्या कुलपात बंद होऊनच दूरच्या भांडाराकडे जातो. या कुलपाचा आधार म्हणजे प्रचंड संख्येचे अवयव पाडणे अतिशय कठीण असते, हे गणिती सत्य होय. सातपुड्याच्या पायथ्याशी वापरले जाणारे हे गणित आणि बँकांचे, सरकारांचे व सैन्यांचे संदेश राखणारे गणित यांचे गोत्र एकच आहे. म्हणूनच सैनिकी गूढलेखनाच्या आधुनिकीकरणाचा प्रश्न केवळ सेनापतींचा आहे, असे सुशिक्षित नागरिकाने मानू नये.

हे कुलूप उघडण्याची रीत अमेरिकन गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ सालीच मांडून ठेवली. ती अमलात आणण्याइतका समर्थ क्वांटम संगणक अद्याप कोणी जाहीरपणे दाखविलेला नाही, एवढाच काय तो दिलासा. परंतु शत्रूला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. आज न उलगडणारे संदेश तो साठवून ठेवू शकतो आणि यंत्र हाती येताच वाचू शकतो. गस्तीच्या तुकडीला दिलेल्या आदेशाचे महत्त्व दोन दिवसांत संपते. पाणबुडीची रचना किंवा हेराचे नाव मात्र पंचवीस वर्षांनंतरही घातक ठरते. तेव्हा संकट भविष्यातील असले, तरी उपायाची वेळ आजचीच आहे.

तथापि नवे गणित आणले की काम संपले, असे समजणे ही मोठी चूक होईल. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी गुपित सुरक्षित राहिले पाहिजे, सारी भिस्त किल्लीवर असावी, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली सांगितले. महाराष्ट्राला याचा दाखला घरातच सापडेल. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीत जपले. पण अक्षरांच्या अदलाबदलीची ती एक किल्ली राजवाडे, भावे आदी संशोधकांना गवसताच त्या लिपीतील सारे भांडार खुले झाले. विद्येच्या दृष्टीने हा लाभच झाला. सैन्याच्या बाबतीत असे घडले, तर त्याची किंमत रक्ताने मोजावी लागते.

म्हणून किल्ल्या वारंवार बदलाव्या लागतात, वेळेवर पोहोचवाव्या लागतात आणि वापरून झाल्या की नष्ट कराव्या लागतात. हे काम नीरस खरे. पण बलाढ्य राष्ट्रे येथेच फसली. एकदाच वापरावयाच्या किल्ल्यांची पाने सोव्हिएत कचेऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात पुन्हा वापरली आणि त्यामुळे त्यांचे हजारो संदेश अमेरिकेला अंशतः वाचता आले. पुढे अमेरिकेच्याच आरमारातील जॉन वॉकर याने किल्ल्यांच्या याद्या मॉस्कोला विकल्या. १९८५ साली तो पकडला जाईपर्यंत हा व्यवहार सुमारे सतरा वर्षे चालला. या प्रकरणात अमेरिकेची यंत्रे दुबळी नव्हती. किल्ल्या सांभाळणारा माणूस फितूर होता.

आपल्याकडे काहीच हालचाल नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महू येथील सैनिकी दूरसंचार महाविद्यालयात २०२१ साली क्वांटम प्रयोगशाळा उभी राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन संघटना व दिल्लीची आयआयटी यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून लांब तारमार्गावर प्रकाशकणांच्या साहाय्याने किल्ली पोहोचवून दाखविली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मान्यता दिली. परंतु प्रयोगशाळेतील यश आणि सियाचीनच्या चौकीवरील रोजचा वापर यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेने २०२४ साली नव्या गूढलेखनाची तीन मानके प्रसिद्ध केली. स्थित्यंतरासाठी २०३५ ही मुदत तिने त्याआधीच, २०२२ साली, ठरविली होती. आपल्या संरक्षण खात्यानेही अशी मुदत स्वतःवर घालून घेतली पाहिजे.

दुसरा प्रश्न स्वायत्ततेचा आहे. गूढलेखनाची यंत्रे विकणारी स्विस कंपनी क्रिप्टो एजी ही दीर्घकाळ अमेरिकन व जर्मन हेरखात्यांच्या मालकीची होती, हे २०२० साली उघडकीस आले. तिच्या गिऱ्हाइकांत भारताचेही नाव होते. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या दळणवळण करारामुळे तिची संरक्षित संदेशयंत्रे आपल्याला मिळू लागली. मित्रराष्ट्रांबरोबरच्या संयुक्त कामगिरीत त्यांचा उपयोग अवश्य व्हावा. परंतु ज्या यंत्राची घडण व किल्ली दुसऱ्याकडून येते, त्यावर आपल्या अंतस्थ खलबतांचा भार कदापि टाकू नये.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. तिन्ही दलांच्या किल्ल्यांची निर्मिती, वाटप व नाश यांची जबाबदारी एका उत्तरदायी यंत्रणेकडे असावी. कोणती जुनी उपकरणे केव्हा बाद होणार, याचा आढावा संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने गोपनीयता राखून घ्यावा. आणि किल्ल्या हाताळणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण व तपासणी यांवर यंत्रखरेदीइतकेच लक्ष पुरवावे. रणगाड्याची खरेदी जनतेला दिसते, तिचे कौतुकही होते. किल्ल्यांची चोख व्यवस्था कोणाला दिसणार नाही आणि तिच्यासाठी टाळ्याही पडणार नाहीत. तरीही तिच्यासाठी पैसा व माणसे देण्यात सरकारने हात आखडता घेऊ नये.