विश्लेषण : मूल दिव्यांग, आई-बाप ऊसतोडीला, सरकारी मदत गावातच का अडकते?

दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीच्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी, जनावरे यांच्यासोबत लहान मुलेही असतात. त्यातले एखादे मूल चालू शकत नाही, एखाद्याला ऐकू येत नाही, एखाद्याला फिट येऊ नये म्हणून रोज गोळी लागते. दिव्यांगांसाठी देशात कायदा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. मात्र मदतीचा मोठा भाग गावच्या पत्त्याशी बांधलेला आहे आणि ही कुटुंबे वर्षातले पाच-सहा महिने त्या पत्त्यावर नसतात.

किती कुटुंबांचा हा प्रश्न आहे?

नेमका आकडा कोणाकडेच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. ऊसतोड मजुरांच्या संख्येचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. पहिली यादी एका खात्याकडे, दुसरी भलत्याच खात्याकडे. दोन्ही एकमेकींना जोडून ‘मजुराच्या घरात दिव्यांग मूल आहे का’ हे पाहण्याची पद्धत नाही. पुढच्या जनगणनेतील लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे, म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात असताना. त्या वेळी गावातल्या घराला कुलूप असेल आणि प्रगणकाला हे मूल शोधायचे तर उसाच्या फडाजवळच्या कोप्यांपर्यंत जावे लागेल.

‘कोयता’ आणि मुलाची काळजी यांचा मेळ का बसत नाही?

ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम हंगामाआधी जी उचल देतो ती कोयत्यावर. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते आणि पुढचे काही महिने ऊस तोडून फेडायची असते. जानेवारी २०२४ मधील ३४ टक्के वाढीनंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले तर सातशे-सव्वासातशे रुपये पडतात. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या, मग दोघांनी मिळून गाडी भरायची, असे हे काम असते. पहाटे तीन-चारला ते सुरू होते आणि वाहन उशिरा आले तर भरणी रात्रीही करावी लागते.

आता या जोडीला सेरेब्रल पाल्सी असलेले पाच वर्षांचे मूल आहे असे समजा. त्याला भरवणे, शी-शू, कूस बदलणे, हातापायांचे व्यायाम हे सारे कोणीतरी करायचे आहे. आई कोपीत थांबली तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. आई फडात गेली तर मूल बांधावर, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर. ती बहीण मग शाळेच्या पटावरच उरते. तिसरा मार्ग मुलाला गावात आजीजवळ ठेवण्याचा. पण सत्तरीतल्या आजीला दहा-बारा वर्षांचे न चालणारे मूल उचलता येत नाही, हे त्या घरातल्या सगळ्यांना माहीत असते. तरीही अनेकदा तोच मार्ग धरला जातो, कारण बाकीचे दोन त्याहून महाग पडतात.

दवाखान्यासाठी सुटी घेण्यालाही किंमत आहे. कामावर न आलेला दिवस म्हणजे ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय अनेक ठिकाणी पाचशे ते हजार रुपये दंड उचलीत जमा होतो. थेरपी सरकारी दवाखान्यात फुकट मिळत असली तरी या कुटुंबाला ती फुकट पडत नाही, याचा विचार योजना आखताना क्वचितच होतो.

उपचार मध्येच तुटले तर काय बिघडते?

बालपणीच्या अनेक व्यंगांमध्ये वेळ हाच उपचाराचा मोठा भाग असतो. जन्मजात वाकडे पाऊल हे त्याचे सोपे उदाहरण. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ केले जाते. त्याला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. बहुतेक बाळांमध्ये त्यानंतर टाचेच्या शिरेवर छोटी शस्त्रक्रिया होते. पुढे विशेष बूट; आधी तीन महिने जवळपास दिवसभर आणि मग वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत झोपेत. बूट घालण्यात खंड पडला की पाऊल पुन्हा वळू लागते. नोव्हेंबरात तिसऱ्या प्लास्टरवर असलेले बाळ ट्रॅक्टरमधून सव्वातीनशे किलोमीटर दूर गेले तर चौथे प्लास्टर कोण बदलणार? तिथल्या सरकारी रुग्णालयात ही सोय असतेही. पण कुटुंबाला ते ठाऊक नसते आणि त्या रुग्णालयाला हे बाळ तालुक्यात आल्याचे ठाऊक नसते.

श्रवणदोषाचेही तसेच. बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखून यंत्र आणि वाचा-उपचार सुरू झाले तर भाषा येण्याची शक्यता सर्वाधिक. कॉक्लिअर इम्प्लांट बसवले तरी त्याची वारंवार जुळणी आणि बोलण्याचा सराव लागतोच. अपस्माराची गोळी तर एक दिवसही चुकवून चालत नाही. नेलेला साठा संपल्यावर नवी चिठ्ठी कोणाकडून घ्यायची, हा प्रश्न फडावर दर महिन्याला उभा राहतो.

मुले शोधण्यासाठीच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच, पालघरमधून झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. दोष आढळलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. रचना चांगली आहे, पण पथक अंगणवाडीच्या पटावरून चालते. पथक गावात आले त्या दिवशी मूल फडावर असेल तर गावच्या नोंदीत ते गैरहजर, आणि जिथे ते आहे तिथल्या पटावर त्याचे नावच नाही.

प्रमाणपत्राची अडचण काय?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारांना मान्यता आहे. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि ‘यूडीआयडी’ कार्ड लागते. हे कार्ड देशभर चालते. अडचण ते मिळेपर्यंतची आहे. अर्ज ऑनलाइन, तपासणीला ठरलेल्या दिवशी रुग्णालयात, कधी पुढची तारीख, कधी तज्ज्ञ नाहीत म्हणून दुसऱ्या शहरात. २०२४ मध्ये नियम बदलले आणि दाखला देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली. गावात सहा-सात महिनेच राहणाऱ्या कुटुंबासाठी हा बदल छोटा नाही. त्यातही लहान मुलांना अनेकदा तात्पुरता दाखला मिळतो आणि वय वाढल्यावर पुन्हा तपासणी करावी लागते.

पैशाची मदत त्या मानाने कुटुंबामागे जाते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारावरून अडीच हजार झाले. ते बँक खात्यावर येत असल्याने कुठेही काढता येते. केंद्राचे दिव्यांग निवृत्तीवेतन मात्र १८ वर्षांच्या पुढे आणि ८० टक्के दिव्यांगत्वालाच आहे. लहान मूल त्यात बसत नाही.

शाळेचे काय?

सहा ते अठरा वयाच्या, ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र दिव्यांगत्व असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार घरीच शिक्षण घेण्याचा पर्यायही आहे. विशेष शिक्षकाने घरी यायचे, असा त्याचा अर्थ. पण कोणत्या घरी? कोपी हे कायद्याच्या लेखी घर नाही आणि गावच्या केंद्रातील शिक्षक कारखान्याच्या तळावर येऊ शकत नाही.

बीडसारख्या जिल्ह्यांत मजुरांच्या मुलांनी मागे राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देऊन दुसऱ्या शाळेत बसवण्याची सोयही आहे. या दोन्ही सोयी चालत्या-फिरत्या, स्वतःचे स्वतः करणाऱ्या मुलासाठी आहेत. वसतिगृहात जेवण मिळेल, पण भरवणारा माणूस मिळत नाही. निवासी विशेष शाळांत जागा मिळाली तर प्रश्न बराच सुटतो. पण सहा वर्षांखालचे किंवा बहुविकलांग मूल तिथेही सहसा बाहेरच राहते.

रेशन चालते, मग हे का चालत नाही?

मजुराबरोबर हक्क जाऊ शकतो, हे रेशनने दाखवले आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र पहिल्या तुकडीत होता. जून २०२२ पर्यंत सगळी राज्ये त्यात आली. धान्याला ते जमले कारण गहू-तांदूळ सगळीकडे सारखाच आणि अंगठा लावला की ओळख पटते. थेरपीसाठी मुलाची फाइल, आधी काय झाले याची नोंद आणि पुढे कोण करणार त्याचे नाव, एवढे सगळे हलावे लागते. ते कठीण आहे, पण पाया तयार आहे. राज्याची स्थलांतर नोंद प्रणाली ‘महा-एमटीएस’ गरोदर व स्तनदा माता आणि मुलांच्या ये-जा नोंदवण्यासाठीच उभारली आहे. तीत शीघ्र हस्तक्षेप केंद्राची फाइल जोडली तर बीडचे मूल कोल्हापुरात पोहोचल्याचे तिथल्या केंद्राला कळू शकते.

पैशाचेही तसेच. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे, असे ठरले आहे. हंगामात साडेआठशे ते हजार लाख टन ऊस गाळला गेला तर कारखान्यांचाच वाटा ८५ ते १०० कोटींचा होतो. उपचाराच्या दिवशीच्या खाड्याची भरपाई आणि मोठ्या तळांवर मूल सांभाळणारी एक प्रशिक्षित बाई, इतके त्यातून होण्यासारखे आहे. तोडणी दराच्या करारात मात्र चर्चा टनाच्या भावाची आणि मुकादमाच्या कमिशनचीच होते.

निघण्याआधी कुटुंबाला काय करता येईल?

दाखल्यासाठीचा अर्ज राहत्या जिल्ह्यातच करावा लागतो, असा सार्वत्रिक समज आहे. २०१७ च्या नियमांनुसार मुलावर ज्या सरकारी रुग्णालयात उपचार सुरू आहेत किंवा झाले आहेत, तिथेही अर्ज करता येतो. कारखान्याच्या जिल्ह्यातले रुग्णालयही त्यात येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ विमा घेता येतो. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीही धरली जाते. त्याची नोंदणी न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत गावातून निघण्याआधीच करून घेणे सोयीचे. शेवटची चिठ्ठी, तपासण्यांचे कागद आणि दाखल्याची पावती यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. कोपीत कागद भिजतो. अपस्माराच्या गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या मिळतील का, हे निघायच्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. आणि तळावर पोहोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत मुलाचे नाव घालावे, कारण तिथले तपासणी पथकही त्याच पटावरून चालते.