लंडनला जाताय? आधी यादी फाडा

वर्षातून दोन-तीनदा तरी मला गावाकडून एक ठरलेला फोन येतो. "पोरगा लंडनला प्रोजेक्टवर गेलाय, आम्ही दोघं पंधरा दिवस चाललोय, काय काय पाहू?" गाव म्हणजे धाड. बुलढाणा जिल्ह्याचं टोक, पुढे गेलं की जालना जिल्हा. मी अडीच वर्षं तिकडे (लंडनला, धाडला नव्हे) कोड पाडत होतो, त्यामुळे गावाच्या लेखी मी या विषयातला तज्ज्ञ. एकदाच काय ते लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवून देता येईल :-)

माझं मत आधीच सांगतो. लोक लंडन बघत नाहीत, लंडनवर टिकमार्क करतात. आणि हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला म्हणत नाहीये, कारण या गुन्ह्यातला पहिला आरोपी मीच.

झालं असं की आई आणि अण्णा आले तेव्हा मी चक्क एक्सेल शीट बनवली होती. रंगीत. पंधरा-पंधरा मिनिटांचे स्लॉट पाडून. बिग बेन, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ... आपण सॉफ्टवेअरवाले लोक आई-बापांनाही रिलीज प्लॅनमध्ये बसवतो. अण्णा रिटायर्ड शिक्षक, नव्वद पोरं एसटीत कोंबून सहलीला नेणारा माणूस. दोन दिवस मुकाट्याने मागे चालले. तिसऱ्या दिवशी थेम्सच्या काठावर एका बाकावर बसले ते उठेनात. मला वाटलं, गुडघे. म्हणाले, "पाय नाही दुखत रे. मले एक सांग, बाबासाहेब कुठं राहात होते इथं?"

मला माहीत नव्हतं! अडीच वर्षं त्या शहरात राहून मला माहीत नव्हतं. कोणत्या स्टेशनजवळ स्वस्त बिअर मिळते ते मात्र तोंडपाठ होतं.

तर आता लिहून घ्या. १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोज हिल. नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्म स्टेशनवर उतरायचं आणि चालत जायचं. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर इथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास चालू होता, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीही. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. जायच्या आधी वेळा तेवढ्या बघून घ्या. अण्णांनी बाहेरची पाटी वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली आणि बूट काढायला वाकले. आई म्हणाली, "अहो, इथं थंडी आहे." त्यांनी काढलेच.

तिथून टेकडीवर चढा. प्रिमरोज हिलवरून अख्खं लंडन दिसतं, फुकट. लंडन आयच्या तिकिटात किती पोळी-भाजीचे रोल येतील हा हिशेब आईने तिथेच बसून केला. असाच दुसरा पत्ता, १०, हाउली प्लेस, वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशनजवळ. चिरोल खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले होते. घर खाजगी आहे, बेल वाजवू नका. १९६१ ची पाटी बघायची आणि शेजारच्या कालव्याच्या काठाने रमतगमत निघायचं.

आता म्युझियम्स. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, टेट मॉडर्न... सगळीकडे कायमस्वरूपी दालनं फुकट. आणि आपली माणसं पैसे मोजून मेणाच्या शाहरुखशेजारी उभी राहतात! असो. फुकट असल्याचा खरा फायदा असा की पैसे वसूल करायचं टेन्शन नाही. एक तास बघा, पाय दमले की बाहेर या, परवा पुन्हा जा. ब्रिटिश म्युझियममध्ये ममीच्या गर्दीत घुसण्याआधी अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघा. ती बघताना कौतुक वाटतं आणि रागही येतो, आणि दोन्ही बरोबरच आहे. वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जाणार असाल तर थांबा, ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली आहेत.

या म्युझियमशी आम्हा धाडकरांचं एक वेगळं नातं आहे. आमच्या शाळेची सहल म्हणजे अजिंठा, हे ठरलेलं. तिथे १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी वर्षानुवर्षं बसून भित्तिचित्रांच्या प्रती काढत होता. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती काढल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या! उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहात आहेत. ही गोष्ट मी अण्णांना तिथल्या अंगणात बसून सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे भिंतीवरचंच टिकलं." इतक्या वेळा पोरांना घेऊन गेले, पण गिलचं नाव त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ते लंडनला गेल्यावरच कळलं, ही शरमेची गोष्ट.

खाण्याचं बोलू. थेपले, चिवडा, लोणचं न्या, मी नको म्हणत नाही. पण दिवसातून एक जेवण तरी तिथलं खा. शाकाहारी माणसाची उपासमार होते हा समज फार जुना झाला. मेनूवर इंग्रजी व्ही शोधायचा. मात्र फिश अँड चिप्सच्या दुकानात विचारल्याशिवाय नुसते चिप्ससुद्धा घेऊ नका. काही ठिकाणी ते गाईच्या चरबीत तळतात. पबमध्ये टेबलाशी बसून वेटरची वाट बघाल तर संध्याकाळ होईल. बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची असते. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही, आईने तिथे चहा मागितला आणि मिळाला. पाणी मागताना 'टॅप वॉटर' म्हणा, नाहीतर बाटली येते आणि बिल लागतं. बिलात बारा-साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वर पुन्हा टीप ठेवायची गरज नाही. दुपारी सुपरमार्केटमधलं 'मील डील' घ्या (सँडविच, वेफर्स, काहीतरी प्यायला) आणि बागेत जाऊन बसा. घरची आठवण अगदीच अनावर झाली तर युस्टन स्टेशनमागची ड्रमंड स्ट्रीट किंवा वेम्बलीचा ईलिंग रोड.

प्रवासाचं थोडक्यात. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. काँटॅक्टलेस कार्ड लागतं आणि माणशी वेगळं लागतं, एकाच कार्डावर नवरा-बायको जात नाहीत. दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत, तेव्हा बिनधास्त चढा-उतरा. १५ नंबरच्या डबल डेकरला वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून सेंट पॉल्सवरून थेट टॉवरपर्यंत. टूर बसची गरजच नाही. वेस्टमिन्स्टर अॅबीचं तिकीट महाग वाटलं तर संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला जाऊन बसा, त्याला पैसे नाहीत. फक्त तिथे फोटो काढत हिंडू नका. आणि हो, शेंगेन व्हिसावर लंडनला जाता येत नाही. दोन व्हिसा, दोन खर्च. याच एका कारणासाठी 'बारा दिवसांत आठ देश' वाल्या पॅकेजमध्ये लंडन दीड दिवसात उरकतात आणि त्यातला अर्धा दिवस विमानतळावर जातो.

शेवटच्या दिवशी आम्ही एका पबमध्ये जेवलो. अण्णांसाठी मी 'प्लाउमन्स लंच' मागवलं, म्हणजे नांगऱ्याचं जेवण. पाव, चीजचा मोठा तुकडा, कांदा, लोणचं. नाव शेतकऱ्याचं असलं तरी ते पबांमध्ये लोकप्रिय केलं चीज विकणाऱ्यांनी, १९५० च्या दशकापासून जाहिराती करून. अण्णांनी सगळं संपवलं, मग बिल हातात घेऊन चष्मा लावून मनातल्या मनात रुपये केले.

गावात आता कुणी विचारलं, की गुर्जी लंडनला काय पाह्यलं, तर ते आधी बाबासाहेबांचं घर सांगतात. बिग बेनचं नाव काढत नाहीत. मग आवाज खाली करून म्हणतात, "अन् तिथं बापा, कांदा-भाकर दीड हजाराले इकतात."