आधी घर दाखवा, मग पताका लावा

घराघरावर तिरंगा लावा म्हणतात. ठीक आहे. आधी घर दाखवा!

पुलाखाली, रुळाच्या कडेला, पाडलेल्या झोपडपट्टीच्या मातीवर जो झोपतो त्यानं झेंडा कशाला बांधायचा? २०२२ साली १३ ते १५ ऑगस्टला 'हर घर तिरंगा' झालं. पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळत होता. घर कुठल्या पोस्टात मिळतं? हरियाणात कर्नालकडं तर एका रेशन दुकानदारानं झेंड्याचे २० रुपये टाकल्याशिवाय धान्य द्यायला नकार दिला. बोंबाबोंब झाली तेव्हा परवाना निलंबित झाला. म्हणजे उपाशी माणसानं आधी देशभक्ती विकत घ्यायची, मग गहू!

आता एका झेंड्यानं भागत नाही. ग्रिलला, कठड्याला, मीटरच्या पेटीला तिरंगी कापडाच्या पताका. लग्नघरासारख्या. आमच्या गल्लीतली पोरं वर्गणी मागायला आली. मी विचारलं, ध्वजसंहिता वाचलीय का रे? २००२ ची आहे. तिरंग्याचं तोरण, पताका, सजावट करू नका असं ती स्वच्छ सांगते. एक पोरगं म्हणालं, "भाऊ, तुम्ही देशाच्या विरोधात आहात काय?"

वा रे वा! नियम तुम्ही मोडा आणि देशद्रोही आम्ही?

दोस्तांनो, हा झेंडा आपल्याला कुणी भीक घातलेला नाही. १९४७ साली ज्या ध्वज समितीनं तो ठरवला तिच्यात बाबासाहेब होते. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चोवीस आऱ्यांचं चक्र आलं, आणि २२ जुलैला घटना समितीनं तो झेंडा स्वीकारला. त्यातलं निळं चक्र बुद्धाचं आहे. आपल्याला देशभक्तीचं सर्टिफिकेट देणारे हे कोण?

आणि त्या झेंड्याची दोरी कुणाच्या हातात असते ते बघा. तमिळनाडूत आत्तुपाक्कम गावी निवडून आलेल्या दलित महिला पंचायत अध्यक्षेला २०२० च्या स्वातंत्र्यदिनी झेंडा फडकवू दिला नाही. बोभाटा झाल्यावर २० ऑगस्टला जिल्हाधिकाऱ्यांच्या हजेरीत तिनं तो फडकवला. निवडून यायचं मतांनी, आणि दोरी ओढायची पोलीस बंदोबस्तात! उनात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना फोडून काढलं, ते २०१६ साल. त्याच वर्षी १५ ऑगस्टला तिथं रोहित वेमुलाच्या आईनं तिरंगा चढवला. त्याला म्हणतात झेंडावंदन. तिथं पताका नव्हत्या, माणसं होती.

१५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाल्यांनी हाच हिशेब मांडला होता: झेंड्याच्या अपमानाला शिक्षा मोठी आणि दलित बाईच्या विटंबनेला छोटी, हे कसं? अख्खं सदाशिव पेठी महाराष्ट्र खवळलं. झेंड्यासाठी खवळलं. बाईसाठी नाही.

आता १६ तारखेचं बोलू. पताका तुटतात, पावसात भिजतात, गटारात जातात. ३० डिसेंबर २०२१ ला सरकारनं पॉलिस्टरचा, मशीनवरचा झेंडाही चालेल असं केलं. खादी विणणाऱ्या बायांच्या पोटावर पाय. पॉलिस्टर कुजत नाही, जाळी तुंबवतं. फाटलेला झेंडा खासगीत, सन्मानानं नष्ट करा म्हणून संहिता सांगते. तो सन्मान कोण करतं? पहाटे झाडू घेऊन आलेली आपलीच मावशी. तुंबलेल्या गटारात उतरतो तो आपलाच भाऊ. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी माणसं गुदमरून मरतायत. त्यांच्यासाठी कुठल्या सोसायटीनं दारात एक दिवा तरी लावला?

म्हणून सांगतो, पताकेला एक पैसा देऊ नका. वर्गणी मागणाऱ्यांना संहिता दाखवा आणि विचारा: १६ तारखेला झाडू घेऊन येणार का? येणार असतील तर चला, बरोबर झाडू. नसतील तर तेच पैसे गल्लीतल्या सफाई कामगारांच्या हातमोज्यांना आणि गमबुटांना द्या.

झेंडा एकच लावा. ताठ लावा. त्याच्याखाली उभं राहून घर मागा, पाणी मागा, मेलेल्यांचा हिशेब मागा. त्यातलं चक्र फिरायला हवं, ग्रिलला लटकायला नको.